शेवट ठाऊक असलेली गोष्ट

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं एक वाचन झालें. पोथीचें नव्हे, कादंबरीचेंहि नव्हे. आमच्या धाकट्या पुतण्यानें लिहिलेल्या पटकथेचें. हा पुतण्या चिंचवडास राहतो आणि चाकणच्या बाजूस मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यांत इंजिनियर आहे. सकाळीं कंपनीच्या बसमध्यें बसावें, मोशी मागें पडली कीं वाहनांच्या रांगेंत अडकावें, आणि त्या अडकलेल्या वेळांत मांडीवरच्या वहींत लिहीत राहावें, असा त्याचा दीड वर्षाचा क्रम. चाकणच्या रस्त्यास नांवें ठेवणारीं माणसें आम्हांस नेहमीं भेटतात. त्या रस्त्याच्या कृपेनें एखादें लेखन पुरें झाल्याचें उदाहरण मात्र आमच्या माहितींत हें एकच.

विषय घराजवळचाच आहे. चापेकर चौकांतून त्याचें रोजचें जाणेंयेणें. दामोदर, बाळकृष्ण व वासुदेव या चापेकर बंधूंचे पुतळे तेथें उभे आहेत, आणि त्यांच्या भोंवतीं दिवसरात्र वाहनें फिरत असतात. 22 जून 1897 रोजीं, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाच्या रात्रीं, पुण्यास गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेग कमिटीचा प्रमुख रँड याच्यावर गोळी झाडण्यांत आली, ती हकीकत या पटकथेच्या मध्यभागीं आहे. आमच्या बहुतेक वाचकांनीं ती शाळेच्या पुस्तकांत वाचलेली असेल.

ऐकावयास आमच्या ऐंशी ओलांडलेल्या वडील भगिनीपासून चौथींतल्या नातवापर्यंत सारें घर बसलें होतें. वाचन रंगलें. गोरे शिपाई वाड्यांत शिरतात तो प्रवेश आला तेव्हां स्वयंपाकघरांतला भांड्यांचा आवाज थांबला. पुढें गोळी सुटली तेव्हां मुलांनीं टाळ्या पिटल्या. टाळ्या ओसरल्यावर आक्कांनीं विचारलें, "आणि मागच्या गाडींतला तो दुसरा साहेब रे? त्याचं काय झालं?"

"आत्या, तो आयर्स्ट. तो चुकून मेला. तो भाग मीं काढून टाकला."

"कां बरं?"

"त्यानं आपल्या माणसांना कमीपणा येतो."

आक्का क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, "बरं. आणि तिघेहि गेल्यावर त्या घरांत मागें कोण राहिलं? तेंहि काढून टाकलंस का?"

पुतण्याजवळ उत्तर नव्हतें. खरें सांगावयाचें तर आमच्याजवळहि नव्हतें. तेव्हांपासून हे दोन प्रश्न आमच्या डोक्यांत घोळत आहेत, आणि या महिन्याचें पान आम्ही त्यांनाच देत आहों.

इतिहासांतील खऱ्या प्रसंगावर राजकारणाची किंवा युद्धाची पटकथा रचणाऱ्याची एक अडचण नेहमीं सांगतात, ती ही कीं, शेवट प्रेक्षकांस आधींच ठाऊक असतो. आम्हांस ही अडचण मुळींच खरी वाटत नाहीं. चापेकरांचे वडील हरि विनायक हे कीर्तनकार होते आणि मुलें त्यांच्या मागें साथीस उभीं राहत. हरिश्चंद्राच्या आख्यानाचा शेवट ठाऊक नसलेला श्रोता त्यांच्या कीर्तनास कधीं आला असेल काय? तरीहि तारामतीवर शस्त्र उगारलें जातें तेव्हां मंडप निःशब्द होतो. फ्रेडरिक फोर्साइथ यांच्या 'द डे ऑफ द जॅकल' या कादंबरीवर 1973 सालीं चित्रपट निघाला. फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल मारेकऱ्याच्या हातून मेले नाहींत हें साऱ्या जगास ठाऊक होतें, आणि तरी लोक श्वास रोखून तो चित्रपट पाहत होते. काय होणार हें कळलें म्हणून कसें होणार आणि त्यापायीं कोणास काय मोजावें लागणार, याची ओढ कमी होत नाहीं.

आतां त्या रात्रीचाच प्रसंग घ्या. संध्याकाळीं साडेसातच्या सुमारास दामोदरपंत व बाळकृष्णपंत गणेशखिंडीच्या रस्त्यावर पोंचले. बरोबर तलवारी होत्या; त्यांचें ओझें अडचणीचें होऊं लागलें म्हणून त्या एका मोरीखालीं लपविल्या. रँडची गाडी सरकारी बंगल्याकडे जातांना दिसली. ती जाऊं दिली. परत येतांना गांठावयाचें ठरलें. तिकडे बंगल्यांत मेजवानी, भोंवतालच्या टेकड्यांवर पेटविलेल्या होळ्या, रस्त्यावर समारंभ पाहावयास आलेले लोक, आणि त्यांत हे दोघे भाऊ रात्र चढेपर्यंत वाट पाहत राहिलेले. या धंद्यांत पटकथेचें एक पान म्हणजे पडद्यावरील सुमारें एक मिनिट असा ठोकताळा आहे. दोन तासांच्या चित्रपटास एकशेंवीस पानें. पुतण्यानें या वाट पाहण्यास पाऊण पान दिलें आहे व गोळीबारास सहा. आम्हीं हिशेब उलटा केला असता. त्या काळोखांत एका भावाच्या मनांत काय आलें असेल, दुसऱ्यानें त्यास काय म्हटलें असेल, हें लेखकानें खुशाल कल्पनेनें लिहावें. रिकाम्या जागेंत कल्पना भरणें हा त्याचा हक्कच आहे. भरलेली जागा रिकामी करण्याचा हक्क मात्र त्यास कोणीं दिलेला नाहीं.

आयर्स्टची जागा अशी भरलेली आहे. ठरल्याप्रमाणें दोघांनींहि रँडवरच गोळी झाडावयाची होती. खुणेची हांक झाली, दामोदरपंतांनीं धांवत्या गाडीचा मागचा पडदा उचलला आणि गोळी झाडली. बाळकृष्णपंत मागें पडले होते. मागून आलेल्या गाडींतील माणसें आपसांत कुजबुजत आहेत असा त्यांस संशय आला व त्यांनीं त्या गाडींत गोळी झाडली. लेफ्टनंट आयर्स्ट जागींच ठार झाला. रँड अकरा दिवस जगला. 3 जुलै रोजीं त्याचा अंत झाला. ज्याच्यासाठीं सारा खटाटोप तो मागाहून मेला, आणि जो कोणाच्या मनांतहि नव्हता तो आधीं. एखाद्या लेखकानें असा क्रम मनानें रचला असता तर आम्ही त्यास ओढूनताणून आणलेला म्हटलें असतें. तो खरोखर घडला आहे, आणि पुतण्यानें तो पुसून टाकला!

येथें आपल्या भाषेचीहि एक लबाडी आहे. रँडच्या मृत्यूस आपण 'वध' म्हणतों. पुढें ज्यांनीं बातमी दिली त्या द्रविड बंधूंस मारलें, त्यास कोणी सूड म्हणतो, कोणी शासन म्हणतो, कोणी खून म्हणतो. आयर्स्टसाठीं आपल्याजवळ शब्दच नाहीं. 'तोहि मारला गेला' असा कर्मणि प्रयोग करून आपण पुढच्या वाक्यास लागतों. पटकथेंत कर्मणि प्रयोग चालत नाहीं. तेथें कोणा एकाच्या हातांत पिस्तूल द्यावें लागतें, आणि समोर एक चेहरा दाखवावा लागतो.

इटालियन दिग्दर्शक जिल्लो पोंतेकोर्व्हो यांनीं 'द बॅटल ऑफ अल्जियर्स' हा चित्रपट 1966 सालीं काढला. पटकथा फ्रांको सोलिनास यांची. अल्जीरियाच्या स्वातंत्र्ययुद्धांतले एक पुढारी सादी यासेफ हे फ्रेंचांच्या तुरुंगांत होते. तेथें लिहिलेल्या त्यांच्या आठवणींवर हें कथानक उभें आहे, आणि चित्रपटांत त्यांनीं स्वतः कामहि केलें. चित्रपटाचा ओढा अल्जीरियनांकडे आहे, हें तो लपवीत नाहीं. तरी उपाहारगृहांत बाँब ठेवावयास आलेली तरुणी तेथल्या माणसांकडे पाहते तेव्हां कॅमेरा एकेका चेहऱ्यावर थांबत जातो, आणि त्यांत आइसक्रीम खात असलेलें एक लहान मूल आहे. त्यामुळें अल्जीरियाची बाजू लंगडी पडली असें आजपर्यंत कोणास वाटलेलें नाहीं. हें आम्हीं पुतण्यास सांगितलें. त्यानें तो चित्रपट पाहिला होता, तें मूलहि त्याच्या लक्षांत होतें. परंतु तें दुसऱ्या देशाच्या गोष्टींतलें मूल होतें.

तुरुंगांत लिहिलेल्या आठवणी आपल्याकडेहि आहेत. दामोदरपंतांनीं बंदींत असतां आत्मवृत्त लिहिलें. तें सरकारी दप्तरांत राहिलें, आणि 1974 सालीं वि. गो. खोबरेकर यांनीं तें संपादून ग्रंथरूपानें प्रसिद्ध केलें. पटकथा लिहिणाऱ्यास असें साधन मिळणें हें भाग्य होय. मात्र तें वाचतांना एक गोष्ट विसरूं नये. लिहिणारा बंदिवान होता आणि त्याचे पहिले वाचक पोलीस होते. अशा वेळीं माणूस कांहीं झांकतो, कांहीं वाढवून सांगतो, आणि कांहीं केवळ अभिमानानें कबूल करतो. मुंबईस राणीच्या पुतळ्यास डांबर फांसल्याची कबुली त्यांत आहे. सुधारकांविषयींचा तिटकारा त्यांत जागोजाग आहे. प्रत्यक्ष टिळकांविषयीं जें आहे तेंहि सगळें गौरवाचें नाहीं. पुतण्यास ही शेवटची बाब फार अडचणीची वाटली, म्हणून त्यानें दामोदरपंतांच्या तोंडीं आजच्या सभेंत शोभावें असें एक भाषण घातलें आहे. आमच्या मतें पटकथेंतला सर्वांत पडेल प्रवेश तोच. 1897 सालच्या एका कर्मठ घरांतल्या तरुणास आपल्या सोयीसाठीं आपल्या मतांचा करून घेणें, हा त्याचा सन्मान नव्हे. न पटणाऱ्या मतांचा माणूस फांसाकडे चालत जातो तेव्हांहि पाहणाऱ्याच्या घशांत आवंढा येतोच.

रँडचें पात्र याहून अवघड आहे. डोळे वटारून ओरडणारा गोरा साहेब लिहावयास सोपा, आणि नट मिळावयासहि सोपा. परंतु प्लेग खरा होता, माणसें पटापट मरत होतीं, आणि रोग्यांस वेगळें ठेवणें जरूर होतें. फेब्रुवारी 1897 मध्यें सरकारनें साथरोगांचा जो कायदा केला, तोच 2020 च्या मार्च महिन्यांत आपल्या राज्यांत लागू झाला. तेव्हां आपण सर्वांनीं दारें लावून घेतलीं, शेजारच्या माणसास रुग्णवाहिकेंत चढतांना खिडकींतून पाहिलें, आणि कित्येकांस आपल्या माणसाचें शेवटचें दर्शनहि मिळालें नाहीं. त्या अनुभवानंतर रँडची कमिटी लिहिणारास तीस वर्षांपूर्वींच्या लेखकाहून अधिक कळलें पाहिजे. रोग्यांस हलविणें योग्य, हें मान्य करूनहि ज्या रीतीनें तें पुण्यांत झालें, सोजीर बूट घालून देवघरापर्यंत आले, बायकामुलांची तपासणी उघड्यावर झाली, घरचें सामान रस्त्यावर जाळलें गेलें, ती रीत लोकांस रोगाहून असह्य झाली. इतकें दाखविलें तरी पुरे आहे.

लेखक मंडळी इतक्यावर थांबत नाहींत, म्हणून येथें गोखल्यांचें स्मरण करून देतों. 1897 सालीं गोपाळराव गोखले विलायतेंत होते. पुण्याहून मित्रांनीं कळविलेल्या बातम्यांच्या भरंवशावर त्यांनीं सोजिरांकडून स्त्रियांवर अत्याचार झाल्याचा आरोप तेथें जाहीरपणें केला. परत आल्यावर पुरावा पुढें करावयास कोणी तयार होईना, आणि गोखल्यांनीं जाहीर माफी मागितली. त्यासाठीं स्वजनांचीं दूषणें त्यांनीं पुढें कित्येक वर्षें सोसलीं. ज्यांनीं लिहिलें त्यांचीं दारें एकामागून एक बंद होत आहेत, हातांत कागद नाहीं, सरकार खुलासा मागत आहे, आणि आपण बोललों तें खोटें होतें असेंहि छातीवर हात ठेवून म्हणवत नाहीं, अशा स्थितींतला एक सभ्य गृहस्थ! गोळीबाराच्या सहा पानांतलीं दोन पुतण्यानें यास दिलीं असतीं तर बरें झालें असतें.

इंग्रजी अमलांत यांतलें कांहींच उघड लिहितां येत नव्हतें. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांस राजकारण सांगण्यासाठीं विराटाच्या राजवाड्यांत जावें लागलें; 'कीचकवध' 1907 सालीं रंगभूमीवर आलें, प्रेक्षकांनीं कीचकांत लॉर्ड कर्झन ओळखला, आणि 1910 सालीं सरकारनें त्या नाटकावर बंदी घातली. तो जाच संपला. 1979 सालीं जयू व नचिकेत पटवर्धन या वास्तुविशारद दांपत्यानें '22 जून 1897' हा चित्रपट काढला. त्याच्या लेखनांत कन्नड नट-दिग्दर्शक शंकर नाग यांचा हात होता, टिळकांची भूमिका सदाशिव अमरापूरकरांनीं केली, आणि कलादिग्दर्शनाचें राष्ट्रीय पारितोषिक त्यास मिळालें. 2019 सालीं 'गोंद्या आला रे' ही मालिका झी फाइव्हवर आली. तेव्हां पुतण्यानें कांहीं पडीक जमीन नांगरावयास घेतलेली नाहीं. निदान त्यानें नांगर खोल घालावा, एवढीच आमची अपेक्षा.

खोल जाण्याजोगी माती द्रविडांच्या घरीं आहे. सरकारनें वीस हजार रुपयांचें बक्षीस लाविलें होतें. द्रविडांनीं दिलेल्या माहितीवरून दामोदरपंत पकडले गेले व 18 एप्रिल 1898 रोजीं येरवड्यास त्यांस फांशी झाली. हे द्रविड बंधू कोणी परके नव्हते. त्याच शहरांतले आणि त्याच ओळखीपाळखींतले. फेब्रुवारी 1899 मध्यें एका रात्रीं वासुदेव चापेकर व त्यांचा मित्र महादेव रानडे हे वेष पालटून द्रविडांच्या दाराशीं गेले, पोलिसांच्या ब्रुइन साहेबांनीं बोलाविलें आहे अशी थाप मारली, आणि दोघां भावांस बाहेर काढून रस्त्यावर गोळ्या घातल्या. आमच्या पुतण्याचा द्रविड मान वांकडी करून चालतो व उगाच हंसतो. असा मनुष्य आला कीं प्रेक्षकांस विचार करण्याचें कारण उरत नाहीं. आम्हांस मात्र तो हांक ऐकून पानावरून उठतांना पाहावयाचा आहे, आणि त्याच्या मागें जिन्यांत कंदील धरून उभें राहिलेलें त्याच्या घरचें माणूसहि पाहावयाचें आहे. वीस हजार रुपये त्या घरांत कोणत्या शब्दांत बोलले जात असतील, हें ज्यास लिहितां येईल तो खरा पटकथाकार.

चहा झाल्यावर पुतण्यानें आपला पुढचा बेत सांगितला. तो युद्धाचा आहे, आणि त्याचेंहि स्थळ त्याच्या वाटेवरचेंच. चाकण गांवांत संग्रामदुर्ग हा भुईकोट आहे. खंदकाच्या खुणा व पडकी तटबंदी अजून दिसते. 1660 च्या जूनमध्यें शाइस्तेखानानें त्यास वेढा घातला. किल्लेदार फिरंगोजी नरसाळा. भर पावसांत सुमारें पावणेदोन महिने त्यानें कोट लढविला. शेवटीं मोगलांनीं ईशान्येच्या बुरुजाखालीं भुयार खणलें, 14 ऑगस्ट रोजीं सुरुंग उडविला, आणि दुसऱ्या दिवशीं कोट पडला. मोगलांकडील 268 माणसें ठार व 600 जखमी झालीं, असा आंकडा जदुनाथ सरकारांनीं दिला आहे. खानानें फिरंगोजीस बादशाही चाकरी देऊं केली; त्यानें ती नाकारली.

हा विषय आम्हांस पहिल्याहून अधिक आवडला. याच वेढ्याच्या दिवसांत, जुलैमध्यें, महाराज पन्हाळ्याहून निसटले व बाजीप्रभूंनीं खिंड लढविली. त्या खिंडीवर 2022 सालीं दिग्पाल लांजेकर यांचा 'पावनखिंड' हा चित्रपट निघाला व घरोघरच्या मुलांनीं तो पाहिला. त्याच पावसांत इकडे चाकणला एक किल्लेदार, मदत येणार नाहीं हें जाणून, रोज एक दिवस मिळवीत होता. पण शेवट हारीचा! पुतण्यानें त्यावर तोड काढली आहे: सुरुंग उडाल्यावर फिरंगोजी व खान समोरासमोर येतात आणि खान हातास जखम होऊन मागें सरतो. आम्हीं म्हटलें, बाबा रे, खानाचीं बोटें तुटावयास एप्रिल 1663 आणि लाल महाल उजाडावा लागतो; तीं तूं चाकणलाच तोडलींस तर महाराजांस काय ठेवशील? मुलें पोट धरधरून हंसलीं. पुतण्या हंसला नाहीं. त्याचें म्हणणें असें कीं, हरलेल्या गोष्टीस पैसे घालणारा मिळत नाहीं. हें त्याचें म्हणणें खोटें आहे असें आमच्यानें म्हणवत नाहीं.

परवां रविवारीं तो पुन्हां आला. वहींत आयर्स्ट परत आला होता, भाषण गेलें होतें, आणि शेवटचीं चार पानें नवीं होतीं. त्यानें तारखा मांडल्या होत्या. 8 मे 1899 रोजीं वासुदेवास फांशी झाली, 10 मे रोजीं रानड्यांस, 12 मे रोजीं बाळकृष्णपंतांस. त्यानें लिहिला होता तो मधला दिवस, 9 मे, आणि तो चापेकरांच्या घरांतला. संवाद एकहि नाहीं. एक बाई विहिरीवरून पाणी आणते, चूल पेटविते, आणि चुलीसमोर बसून राहते.

आक्कांनीं ऐकून घेतलें. म्हणाल्या, "चूल पेटणार नाहीं रे. सुतक आहे. शेजारून पिठलंभात येईल."

पुतण्यानें ओळ खोडली. जरा वेळानें त्यानें विचारलें, "पण आत्या, दाराशीं पोलीस बसलेले असतां शेजारी येतील?"

आक्का पुष्कळ वेळ कांहीं बोलल्या नाहींत. हातांतली वात वळून झाली तेव्हां म्हणाल्या, "एखादी येईल. मागच्या दारानं."

त्यानें तें लिहून घेतलें.